मध्यस्थ भाषेचे ऋण

क्रोएशियन आणि पोलिश या दोन्ही भाषा स्लाव कुळातल्या. तरीही एकीतील कादंबरी दुसरीत न्यावयाची तर अनुवादक शोधावा लागतो. भाषाकुळाची जवळीक आणि अनुवादाची शक्यता यांचे नाते सरळ नसते. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र रूपात उभा राहतो. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा शेजारी नांदतात. परंतु कोलामी कथा गोंडीत न्यावयाची झाल्यास वाट बहुधा मराठीतूनच जाणार. ही वाट निर्दोष मानता येईल काय, हा केवळ तंत्राचा नव्हे, नीतीचाही प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. कोलामी व गोंडी या दोन्ही भाषांत तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनाम पुरुष आणि पुरुषेतर असा भेद करते. स्त्री, गाय, झाड यांना एकच रूप चालते. मराठीत येताच 'ती' की 'ते' हे ठरवणे अपरिहार्य होते. कथनाने स्त्री आणि झाड यांमधील सीमा हेतुतः धूसर ठेवली असेल, तर मराठी ती आखून टाकते. जी संदिग्धता गोंडीने सहज सांभाळली असती, ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. उलटपक्षी, श्रोत्याला सामावणारे 'आपण' व त्याला वगळणारे 'आम्ही' हा कोलामीतील भेद मराठीत टिकतो आणि इंग्रजीत पुसला जातो. तात्पर्य, कोणतीही मध्यस्थ भाषा तटस्थ नसते. प्रत्येक भाषा आपापली जकात वसूल करते.

म्हणून मध्यस्थी वर्ज्य ठरवावी काय? तसे केल्यास लहान भाषांचा परस्परसंवादच खुंटेल. मध्यस्थी क्षम्य आहे. तिचे गोपन क्षम्य नाही. मधल्या भाषेचा व मधल्या अनुवादकाचा स्पष्ट निर्देश हे सौजन्य नसून वाचकाप्रती असलेले कर्तव्य होय.

यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. 'अनुवादक मिळत नाही' या विधानाचा अर्थ काय? ग्रामसभेत, दवाखान्यात, आठवडी बाजारात दोन-तीन भाषांत सहज वावरणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. १९०६ साली ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात कोलामीची नोंद झाली. १९५५ साली एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशी कामे बोलून दाखवणाऱ्या, अर्थ उलगडणाऱ्या भाषकांवाचून होत नाहीत. ज्ञानव्यवहाराने मात्र त्यांना 'निवेदक' म्हटले, अनुवादक म्हटले नाही. उणीव माणसांची नसून मान्यतेची आहे.

थेट अनुवादक नाही म्हणून मराठीतून जाणाऱ्या प्रत्येकाने प्रथम हे सांगावयास हवे, की त्याने शोध नेमका कोठे घेतला: विद्यापीठांच्या सूचीत, की पोडावर? मराठी ही येथे बलवान भाषा आहे. वाट देण्याबरोबरच, आपल्यावाचूनची वाट घडू देणे हेही तिचे उत्तरदायित्व ठरते. तोवर मराठीमार्गे झालेला प्रत्येक अनुवाद तात्पुरता समजावा, आणि त्यावर तसे नोंदवावे.