पराभवाची क्षमायाचना

मनुष्यानें क्षमा मागावी ती अपराधाबद्दल. पराभवाबद्दल मागावी काय? मलेशियाचा बॅडमिंटनपटु ली चोंग वेई यानें ती मागितली. २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमधील अंतिम सामन्याचा तिसरा डाव चीनच्या लिन डाननें २१-१९ असा जिंकला, आणि चोंग वेईनें देशबांधवांपाशीं दिलगिरी व्यक्त केली. बीजिंगला २००८ सालीं रौप्यपदक, लंडनला रौप्यपदक; पुढें २०१६ सालीं रिओ येथें उपांत्य सामन्यांत त्याच लिन डानवर मात करूनही अंतीं चेन लाँगपुढें पुन्हां रौप्यपदकच!

ज्याच्या रॅकेटीवर अवघ्या राष्ट्राची आशा टांगलेली, त्यास ती ऋणासारखी वाटावी यांत नवल नाहीं. पण आशा बाळगली लोकांनीं, घाम गाळला त्यानें. मग ऋणको कोण? माझ्या मतें तो प्रयत्नाचा देणेकरी होता, फलाचा नव्हे. (गीतेचा आधार वर्गांत इतक्यांदा देऊन चुकलों आहें कीं, येथें तो नको.)

मात्र २०१४ सालीं जागतिक स्पर्धेच्या वेळीं त्याच्या शरीरांत निषिद्ध औषध आढळलें. फसविण्याचा हेतु नव्हता, हलगर्जी होती, असा निर्णय होऊन त्यास आठ महिन्यांची बंदी झाली व त्या स्पर्धेंतील पदक गेलें. लंडनला मागितलेल्या क्षमेचें खरें स्थळ मला येथें दिसतें.