तहानेचे माप

वऱ्हाडात दारी आलेल्यासमोर आधी पाण्याचा तांब्या येतो. तहानेल्याला पाजलेले पाणी प्रभूलाच पोहोचते, असे मत्तयाचे शुभवर्तमान आपल्याला शिकवते. मग धारणीच्या मे महिन्यात, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला दुसरा पेला नाकारणारी परिचारिका निर्दय म्हणावी काय?

लघवीवाटे न गेलेले पाणी पायांत, पुढे फुप्फुसांत साठते आणि श्वास कोंडतो. म्हणून आदल्या दिवसाची लघवी मोजून, तीत साधारण ५०० मिलिलिटर मिळवून दिवसाचे पाणी ठरवतात. चहा नि वरणाचे पाणीही त्यातच. डायलिसिससाठी घाट उतरून अमरावतीला जाणाऱ्याला तर एक जादा तांब्या रात्रीतून जिवावर बेतू शकतो. आप्तेष्ट मात्र डोळा चुकवून तो देतात. त्या मायेला कोण दोष देईल? तरी तिच्यात स्वतःचीच सुटका अधिक असते, असे मला वाटते. समोरची तहान आपल्याच्याने पाहवत नाही.

नकार देऊन निघून जाणे, हीही तशीच सुटका. जाणती परिचारिका थांबते. चूळ भरायला देते, ओठ ओले करते, लोणचे का नको ते पुन्हा सांगते, रुग्णाचा त्रागा ऐकून घेते. मग लघवीचे भांडे उचलते आणि आकडा वहीत लिहिते.