रोज दोन चुका माफ

गेममध्ये गोष्ट मोठी की खेळ मोठा, हा वाद घालणाऱ्यांचे दोन पक्ष ठरलेले असतात. एक पक्ष टेट्रिसचं नाव घेतो. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोवने तो बनवला, त्यात गोष्ट औषधालाही नाही आणि तरी जग तो खेळत बसलंय. दुसरा पक्ष 'द लास्ट ऑफ अस'चं नाव घेतो आणि आपण कुठे रडलो ते सांगतो. मग तिसरा कोणीतरी 'दोन्ही हवं' म्हणतो, चहा येतो आणि विषय संपतो.

मला त्या वादाचा निकाल नको आहे. त्यातला एक लहानसा प्रश्न मात्र मला सोडत नाही. गोष्ट एक सांगते आणि नियम दुसरंच सांगतात, तेव्हा त्या गेमचं म्हणणं नेमकं काय समजायचं? आणि तो खेळताना जे केलं जातं, ते कोणी केलेलं असतं?

'बायोशॉक' (२००७) घ्या. समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं शहर आहे. 'माझं ते माझंच' या तत्त्वावर एका धनाढ्य माणसाने ते वसवलं आणि आता ते मोडून पडलंय. तिथे लहान मुली फिरत असतात. त्यांच्या शरीरात ॲडम नावाचा पदार्थ आहे आणि शक्ती वाढवायला तुम्हाला तो हवाय. मुलगी हाती लागली की दोन पर्याय समोर येतात : तिचा जीव घेऊन सगळा ॲडम काढा किंवा तिला वाचवा आणि थोडक्यात भागवा. पार्श्वसंगीत, तिची धडपड, सगळं सांगत असतं की हा तुमच्या माणुसकीचा कस आहे. मी सवयीने हिशेब मांडला. मारलं तर १६०, वाचवलं तर ८०. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० ॲडमची भेट येते. म्हणजे तीन मारून ४८० आणि तीन वाचवून ४४०. शिवाय भेटीच्या खोक्यात इतरही माल असतो. चाळीसाच्या फरकाला कस म्हणायचं? साधू व्हा की सैतान व्हा, महिनाअखेरीस खात्यात जवळपास तेवढेच.

याच गेमवर लिहिताना क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने त्याच वर्षी 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' हा जडजंबाल शब्द घडवला. त्याची तक्रार वेगळी होती. नियम तुम्हाला स्वार्थी व्हायची मोकळीक देतात, पण गोष्ट मात्र न विचारता दुसऱ्याच्या कामाला जुंपते, असं त्याचं म्हणणं. शब्द पुढे इतका बोकाळला की 'अनचार्टेड'च्या चौथ्या भागात (२०१६) एक हजार शत्रू लोळवल्यावर जी ट्रॉफी मिळते, तिचं नावच हे ठेवलंय. त्यातला नेथन ड्रेक हसरा, चुरचुरीत बोलणारा, बायकोवर प्रेम करणारा माणूस. मधल्या वेळात माणसं मारतो एवढंच. विनोद झकास आहे. पण विनोद केला म्हणजे हजार माणसांचा प्रश्न मिटला असं काही नाही.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. 'पेपर्स, प्लीज' (२०१३), लुकस पोप या एका माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला. साल १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, सरहद्दीवरचं एक नाकं. सरकारी सोडतीत तुम्हाला तिथल्या तपासनिसाची नोकरी लागलीये. खिडकीसमोर माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. तुम्ही तारीख, फोटो, शहराचं नाव, शिक्का ताडून बघता आणि हिरवा किंवा लाल ठसा मारता. दर माणशी पाच क्रेडिट. संध्याकाळी भाडं, जेवण, घराची ऊब यांचा हिशेब समोर येतो. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरले नाहीत तर कोणीतरी गारठतं, आजारी पडतं, मग औषधाचा खर्च वाढतो.

एके दिवशी एक माणूस येतो. त्याची कागदपत्रं चोख असतात. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो. परत गेले तर मला मारतील, म्हणते.

इथे बायोशॉकसारखं संगीत दाटून येत नाही. हिरवा ठसा मारला की यंत्रातून खडखडत एक चिठ्ठी बाहेर येते : नियमभंग. आणि यातली खरी मेख ही, की दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना दंड नाही, नुसती ताकीद. तिसरीपासून पैसे कापतात. म्हणजे तुम्हाला रोज दोन माणसांवर फुकट दया करता येते. मात्र चिठ्ठीला दया आणि हलगर्जी यातला फरक कळत नाही. सकाळी एखाद्याच्या पासपोर्टावरची संपलेली मुदत नजरेतून सुटली असेल, तर तेवढी दया तुमच्या कोट्यातून आधीच वजा झालेली असते. चांगलं वागायचं असेल तर कारकून म्हणून आधी चोख असावं लागतं. आणि चोख होता होता तुम्ही असे काही तयार होता, की चेहरा बघायच्या आधी तारीख बघता. हे त्या गेममध्ये कोणीही कोणाला म्हणत नाही. तिथे फक्त ठसा आहे, रांग आहे आणि पळतं घड्याळ आहे. नोकरशाहीवरचे निबंध मी वाचलेत. पण चांगला माणूस खिडकीमागे बसल्यावर असा का होतो, हे मला त्या तारखांनी जास्त समजावलं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे कामाच्या एका तुकड्याला 'यूजर स्टोरी' म्हणतात, अक्षरशः गोष्ट. 'ग्राहक म्हणून मला माझी वर्गणी केव्हाही रद्द करता यावी' असं एक माणुसकीचं वाक्य असतं. मग कोड लिहिला जातो आणि रद्द करण्याचं बटण पाचव्या पडद्यावर, फिकट राखाडी रंगात जाऊन बसतं. वाक्य खोटं नसतं, रद्द करता येतंच. पण कंपनीला काय हवंय ते वाक्यात वाचायचं की पाचव्या पडद्यावर? माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल. नियम लिहिणाऱ्याने तरी नियमांवरच विश्वास ठेवावा.

इथवर आल्यावर मी खेळाच्या पक्षात जाऊन बसायला हवं. पण एक पट मला तिथे बसू देत नाही.

आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. मराठीत तो ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो. त्यातल्या घरांना नावं होती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जायची, दुर्गुणाच्या घरातला साप गिळून खाली आणायचा, आणि शेवटी मोक्ष. हा खेळ इंग्रजांबरोबर विलायतेला गेला, हळूहळू घरांवरची नावं गळाली आणि आपल्याकडे तो रंगीत पुठ्ठ्यावर परत आला. नियम तेच राहिले : फासा टाका, पडेल तितकं चाला, नशिबात असेल ते भोगा. एकही चाल तुमच्या हातात नाही. नावं असताना याच नियमांमधून कर्म आणि दैव यांच्याबद्दल काहीतरी गंभीर बोललं जात होतं. नावं पुसली आणि सहा वर्षांच्या पोराची दुपार घालवायचं साधन उरलं. पेपर्स, प्लीजमधून आर्स्टोट्झ्का, सासू आणि तो नवरा काढून टाका, मग आकडे जुळवायचं कोडं उरतं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापतात तसलं. हात काम करतो खरा, पण त्या कामाला काय म्हणायचं ते गोष्टच सांगते.

मग 'द लास्ट ऑफ अस'. बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त झालंय. जोएलने पूर्वी स्वतःची मुलगी गमावलीये आणि आता तो एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशभर फिरवत घेऊन चाललाय, कारण तिला संसर्ग बाधत नाही. शेवटी कळतं की लस बनवायची तर तिचा मेंदू काढावा लागेल, म्हणजे ती मरणार. जोएल इस्पितळातली माणसं मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचतो. डॉक्टर हातात सुरी घेऊन आडवा उभा राहतो. आणि इथे गेम थांबतो. तुम्ही कितीही वेळ उभे राहा, गोष्ट पुढे सरकत नाही. डॉक्टरला मारायचं की नाही हा पर्यायच नाही. पण बटण तुम्हालाच दाबावं लागतं.

माझ्या ताईने आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही. तिने २०२३ साली आलेली मालिका पाहिली आणि फोनवर सरळ म्हणाली, "त्याने चुकीचं केलं. आणि वर तिच्याशी खोटं बोलला." मी म्हटलं, असं नाही ग, तिला कोणी विचारलं होतं का, लस बनली असती याची तरी काय खात्री. पंधरा मिनिटं मी किल्ला लढवला. शेवटी ती म्हणाली, "तू त्याचा वकील का झालायस?"

प्रश्न बरोबर होता. गोष्ट दोघांनाही तीच मिळाली होती. ताईसमोर एक माणूस होता, त्याचा न्याय ती करू शकत होती. मला तो करता येत नव्हता, कारण त्या खोलीत ट्रिगरवर माझं बोट होतं. खेळाचा कैवार घेणारे म्हणतात की स्वतः केल्याने माणूस जास्त खोल जाणतो. असेलही. पण स्वतः केल्याने माणूस सगळ्यात आधी बचाव तयार करतो, हेही मी स्वतःवर पाहिलं. प्रेक्षक न्यायाधीश होतो, खेळणारा साथीदार होतो. साथीदाराला गुन्ह्याचे तपशील जास्त माहीत असतात, पण म्हणून निकाल त्याच्याकडून घ्यायचा नसतो. आणि पर्यायच नसताना दाबलेल्या बटणाची जबाबदारी किती माझी, किती जोएलची, किती ते लिहिणाऱ्याची, याची वाटणी मला आजही जमलेली नाही. ताईला ती करावीच लागत नाही, तिचं सोपं आहे.

तरीही हाताला कळलेलं सगळंच असं डागाळलेलं नसतं. 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) नावाचा तीन-चार तासांचा गेम आहे, योसेफ फारेसने दिग्दर्शित केलेला. शेवट सांगणार आहे. खेळायचा असेल त्याने इथे थांबावं.

दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरचा डावा भाग म्हणजे थोरला, उजवा भाग म्हणजे धाकटा. भाषा बनावट, एक शब्द कळत नाही. आई बुडून गेलेली, म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला लटकतो आणि तुम्ही डाव्या बोटाने पोहता. परतीच्या आधी थोरला मरतो. धाकटा त्याला पुरतो. इथून पुढे डावा हात नुसता पडून असतो. इतके तास राबलेला हात, त्याला काही कामच नाही. एखाद्याचं नसणं मला कुठल्या पुस्तकाने असं अंगठ्यात आणून दिलेलं नाही.

मग घराजवळ पुन्हा पाणी लागतं. धाकटा काठावर थबकतो. उजवं बटण दाबून बघितलं, तो मागे सरतो. पडद्यावर काहीही सूचना येत नाही. खूप वेळाने, काही सुचत नाही म्हणून, डावं बोट थोरल्याच्या बटणावर जातं. आणि धाकटा पाण्यात उतरतो.