गुरूचा अंमल

महाभारताच्या आदिपर्वात आयोदधौम्य ऋषींच्या तीन शिष्यांची कथा आहे. शेताचा बांध फुटला तेव्हा आरुणी स्वतः त्या खिंडारात आडवा पडला. उपमन्यूची भिक्षा, मग दूध, मग वासरांच्या तोंडचा फेसही गुरूने एकेक करून वर्ज्य केल्यावर तो रुईची पाने खाऊन आंधळा झाला आणि विहिरीत पडला. आणि वेद नावाचा तिसरा शिष्य थंडीवारा, तहानभूक सोसत जुंपलेल्या बैलासारखा राबत राहिला. गुरुभक्तीचे दाखले म्हणून पहिल्या दोघांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकविल्या गेल्या. परंतु या आख्यानात धौम्य शिष्यांना काही शिकवीत असल्याचे कोठेही दिसत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज्ञा पाळली गेली की गुरू प्रसन्न होतो आणि सकल विद्या आशीर्वादाने शिष्याच्या ठायी प्रकटते. म्हणजे ज्ञान हे येथे जिज्ञासेचे फळ नसून ताबेदारीबद्दल मिळालेले इनाम आहे.

कथाकाराची खरी सूक्ष्मता तिसऱ्या शिष्याच्या पुढील वृत्तान्तात आहे. वेद स्वतः गुरू झाला, त्याच्याकडेही तीन शिष्य आले. पण गुरुगृही राहण्याचे दुःख काय असते हे त्याला ठाऊक असल्यामुळे त्यांना कष्टांत घालण्याची इच्छाच त्याला झाली नाही, एवढे सांगून व्यासांनी तो विषय संपविला आहे. मला हे विधान उपमन्यूच्या साऱ्या कथेहून थोर वाटते. कारण जाच हा बहुधा वारशाने चालत येतो. छडी खाल्लेला मनुष्य छडीचे समर्थन करतो, आणि ‘आम्ही असेच घडलो’ या वाक्यात आपले सोसणे व्यर्थ गेले नाही अशी स्वतःची समजूत घालीत असतो.

हा जाच केवळ भूतकाळाकडूनच येतो असेही नाही. तो वरूनही उतरतो. अमेरिकेत एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, मुलांच्या स्वयंनिर्णयाला वाव देणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांतील मुलांची शिकण्याची आंतरिक ओढ आणि आत्मविश्वास हे हुकमत गाजविणाऱ्यांच्या वर्गांतील मुलांहून अधिक असतात. पण १९८२ चा त्यांचा प्रयोग मला अधिक मार्मिक वाटतो. शिकविण्यास बसविलेल्यांपैकी काहींना त्यांनी एवढेच बजावले की, तुमच्या विद्यार्थ्याने ठराविक दर्जा गाठला पाहिजे आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे. तेवढ्याने ती माणसे अधिक बोलू लागली, अधिक आज्ञा सोडू लागली, आणि विद्यार्थ्याला स्वतः विचार करण्यास सवड देईनाशी झाली. तपासणीचा धसका घेतलेला, निकालाच्या टक्केवारीची कैफियत देणारा आणि माहितीचे तक्ते भरून थकलेला आपला शिक्षक वर्गात दरडावू लागतो, तेव्हा तो दोष केवळ त्याच्या स्वभावाचा मानणे अन्यायाचे होईल. ज्याला स्वतःला मुभा नाही त्याने ती इतरांना कोठून द्यावी? वेदाला ते साधले. पण वेद हा अपवाद होता.

मोकळीक म्हणजे ढिलाई, हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, ब्रह्म शिकव म्हणून जातो. वरुण त्याला उत्तर देत नाही, कसोटी देतो: ज्यापासून भूते उत्पन्न होतात, ज्यायोगे जगतात आणि ज्यात शेवटी प्रवेश करतात, ते जाणून घे. भृगू तप करतो आणि अन्न हे ब्रह्म असे ठरवून परत येतो. वरुण ‘चूक’ म्हणत नाही, ‘शाबास’ही म्हणत नाही, पुन्हा तप कर म्हणतो. प्राण, मन, विज्ञान अशा प्रत्येक पायरीवरून तो मुलगा स्वतःच्याच असमाधानाने परत येतो. उत्तर हाती न देण्याची ही कठोरता धौम्याच्या अन्नबंदीहून कमी नाही. फरक इतकाच की तिच्यात शिष्याची बुद्धी उपाशी राहत नाही. पाचव्या वेळी, आनंद हे ब्रह्म असे जाणल्यावर, भृगू विचारण्यास परत आल्याचा उल्लेख नाही.

अर्थात वरुणापाशी एकच शिष्य होता, तोही पुत्र, आणि तो आपण होऊन आला होता. जे मूल येतच नाही त्याचे काय, हा प्रश्न उपनिषदाला पडला नाही. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पडला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा हजेरीचा तगादा लावण्याऐवजी त्यांनी शाळाच गुरांमागे नेली, आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले.