दामाजीपंत चोर होते का?

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. कार्तिकी एकादशी
आजचा पाठ: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ आणि १३



आज पंढरीत कार्तिकीचा सोहळा आहे. आपल्यापैकी बरेच जण मोबाईलवरच दर्शन घेत असतील, मीही तेच केलं. उपवासाची भगर शिजत होती तेवढ्यात पोथी उघडली आणि नेमके आजच्या पाठाला हे दोन श्लोक आले. महिनाभर ज्या गोष्टीवर लिहायचं टाळत होते, तीच समोर आली.

श्लोकांचा अर्थ थोडक्यात असा. देवांनी दिलेलं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असा माणूस चोर. आणि जो फक्त स्वतःसाठी अन्न शिजवतो, तो अन्न खात नाही, पाप खातो. भगवंतांनी इथे शब्द मुळीच मऊ केलेला नाही. सरळ चोरच म्हटलंय.

आता घरची गोष्ट.

नव्या वाचकांसाठी सांगते, माझं माहेर मंगळवेढ्याचं. सासर पुण्यात. माझी लेक, घरी तिला चिऊ म्हणतात, तिसरीत आहे आणि एका कॅथलिक संस्थेच्या प्राथमिक शाळेत जाते. पावसाळा सरून थंडी लागेपर्यंतचा काळ त्या शाळेत सणांनी भरलेला असतो. आपल्याकडे घटस्थापना होते, तेव्हा तिथे २७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट यांचा सण येतो, गरिबांची सेवा केलेले संत. ४ ऑक्टोबरला असिसीचे संत फ्रान्सिस. ऑक्टोबर हा सगळा जपमाळेचा महिना, प्रार्थनेच्या वेळी एकेक वर्ग पुढे येतो. आणि आजचा २ नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांच्या आठवणीचा दिवस. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात एक खोका ठेवला होता, ज्यांची गेलेली माणसं आठवतात त्यांनी नाव लिहून टाकायचं. चिऊनं माझ्या आईचं नाव लिहिलं. यंदा कार्तिकी आणि हा दिवस एकाच तारखेला आले, म्हणजे माझ्या आईसाठी आज दोन ठिकाणी हात जोडले गेले असणार.

तर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला, आठवतं ना? माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली. ज्या सोलापूर जिल्ह्याला आपण जन्मभर दुष्काळी म्हणत आलो, तिथे लोक घराच्या छपरावर बसून होते. शाळेनं धान्य गोळा करायचं ठरवलं. सूचना साधी होती: प्रत्येक मुलानं घरून मूठभर धान्य आणावं, कुठलंही चालेल. सोबत प्रत्येक वर्गाच्या दारावर एक तक्ता लागला. किती किलो जमलं ते त्यावर लिहायचं आणि सगळ्यात पुढच्या वर्गाला सोनेरी चांदणी.

आठ दिवसांनी मी दळण काढायला ज्वारीची कोठी उघडली आणि दचकलेच. माझा अंदाज, सहा-सात किलो ज्वारी कमी होती. ही दुकानातली ज्वारी नाही हो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंगळवेढ्याहून पाठवलेली मालदांडी. काळ्या रानातली, नुसत्या थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर पिकणारी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्यासाठी ती आबांच्या हाताची भाकरी. नवी सुगी फेब्रुवारी-मार्चला. तोवर पुरवायची होती.

चिऊनं रोज डब्याच्या पिशवीत किलो-किलो नेली होती. कुणाला न सांगता.

मी चिडले. खूप बोलले. शेवटी म्हणाले, "विचारल्याशिवाय घेतलं ना, त्याला चोरीच म्हणतात."

ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग दामाजीपंत पण चोर होते का?"

मंडळी, ही गोष्ट मीच तिला सांगितली होती. दर उन्हाळ्यात दामाजीपंतांच्या देवळात बसून सांगते. पंधराव्या शतकातला दुष्काळ. दामाजीपंत हे बीदरच्या बहामनी बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. पंढरपूरहून आलेला एक ब्राह्मण त्यांच्याकडे पानावर बसला आणि घरची उपाशी लेकरं आठवून रडू लागला. पुढे भुकेली माणसं दाराशी येत गेली आणि पंतांनी बादशाही कोठारं उघडली. धान्य बादशहाचं, परवानगी कुणाची नाही. आम्ही या माणसाला संत म्हणतो. त्याच्या नावानं गावात देऊळ आहे, कॉलेज आहे, साखर कारखानाही आहे. मग माझ्या लेकीनं वेगळं काय केलं?

त्या रात्री मला उत्तर आलं नाही. "मोठ्यांना उलट बोलू नये," असलं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तुम्हीही कधीतरी नेली असेल.

नंतर मनाशी पहिलं उत्तर जुळवलं ते असं: कोठारातलं धान्य मुळात रयतेचंच. शेतकऱ्यानं पिकवलं, सारा म्हणून दिलं, दामाजींनी ज्याचं त्याला परत केलं. आजच्या श्लोकाप्रमाणे पाहिलं तर लोक मरत असताना कोठाराला कुलूप लावणाराच चोर ठरतो. हे खरं आहे, मला पटतं. पण हे उत्तर जरा जास्तच सोयीचं आहे. "मुळात हे सगळ्यांचंच आहे," असं म्हणून दुसऱ्याच्या खिशातून पुण्य करणारे आपण रोज बघतो. ऑफिसच्या पैशानं अन्नदान करून स्वतःचा फोटो लावणारे बघतो. गीतेच्याच सतराव्या अध्यायात परतफेडीची किंवा फळाची आशा धरून दिलेल्या दानाला राजस म्हटलंय. सोनेरी चांदणीसाठी दिलेली ज्वारी त्यातलीच नाही का? चिऊला विचारलं तेव्हा तिनं कबूल केलं, "थोडं चांदणीसाठी पण." लहान मुलं अजून खरं बोलतात.

मी शाळेत गेले. सिस्टरना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या एकतर चिऊचं कौतुक करतील किंवा माफी मागतील. त्यांनी मला फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. योगायोग बघा, चिऊचा वर्ग तेव्हा त्यांच्याच सणाची नाटिका बसवत होता.

फ्रान्सिस हे असिसीतल्या एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव. पडकं चर्च दुरुस्त करायचं मनात आलं, म्हणून त्यांनी वडिलांच्या दुकानातलं कापड नेऊन विकलं आणि ते पैसे देवाच्या कामाला द्यायला निघाले. वडील संतापले, प्रकरण बिशपपुढे गेलं. आणि बिशपनं काय म्हणावं? पैसे वडिलांना परत कर. देवाच्या कामाला असले पैसे नकोत. फ्रान्सिसनी पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही काढून वडिलांपुढे ठेवले. ते १२२६ साली गेले, पुढच्या वर्षी त्याला ८०० वर्षं होतील. सिस्टर म्हणाल्या, "दुसऱ्याचं देऊन त्यांची सुरुवात झाली. पण ते संत झाले ते त्या दिवसानंतर, स्वतःचं द्यायला लागले तेव्हा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तो तक्ता लावणं ही आमची चूक. उद्या काढते."

घरी येताना रिक्षात मला आपल्या दामाजींची गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. इतकी वर्षं सांगत होते, पण तिच्या शेवटाकडे माझं लक्षच नव्हतं.

बघा ना. बादशहानं दामाजींना पकडून आणायला शिपाई धाडले. इकडे विठोबा विठू महार होऊन बीदरच्या दरबारात गेला. आता देव बादशहाला काय म्हणाला असता? "धान्य लोकांचंच होतं, तुझं काही देणं लागत नाही," असं म्हणू शकला असता. नाही म्हणाला. त्यानं धान्याची पूर्ण किंमत मोजली आणि पावती घेतली. महिपतीबुवांच्या भक्तिविजयात ही कथा आहे. ती पावती पुढे दामाजींना सापडली कुठे, तर त्यांच्या गीतेच्या पोथीत. मी आज सकाळी उघडली त्याच गीतेच्या!

म्हणजे देवानंसुद्धा हिशोब खोटा ठरवला नाही. दया केली म्हणून देणं संपत नाही, ते कुणीतरी भरावं लागतं. दामाजींना हे ठाऊक होतं. त्यांनी लपवलं नाही, पळाले नाहीत, स्वतःच्या मानेवर जोखीम घेऊन कुलूप काढलं. चोर हिशोब दुसऱ्यावर ढकलतो. संत तो स्वतःकडे ओढून घेतो, आणि तो अपुरा पडला तर देव उरलेलं भरतो. मला तरी फरक इथे दिसतो.

आणि पैसे भरायला देव कुठल्या रूपात गेला, हेही विसरू नका. याच मंगळवेढ्यात त्याआधी शंभरावर वर्षं, १३३८ साली, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. पंढरीच्या देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी आज महाद्वारापाशी आहे. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. ज्यांना आत घेतलं नाही त्यांच्याच वेशात देव आमचं देणं भरायला गेला. आपल्या औदार्याची किंमत खरोखर कोण भरतंय, हे बघायला मला या कथेनं शिकवलं. घरात पाहुण्यांचं पान वाढून स्वतः उरलेलं खाणारी बाई, आपल्या पंगतीची भांडी घासणाऱ्या मावशी. पुण्य आपल्या नावावर, हिशोब त्यांच्याकडे.

आमच्या ज्वारीचा हिशोब कोणाकडे होता? मी "माझी ज्वारी" म्हणून ओरडले, पण पिकवली आबांनी. त्यांना फोन लावला. यंदा पावसानं वाफसाच येईना, पेरणी लांबली होती, त्या काळजीत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"तिनं तुला इचारलं असतं, तर किती दिली असतीस?"

मी गप्प. खरं उत्तर मला माहीत होतं. एक वाटी. शाळेनं मूठभर सांगितलंय ना, मग वाटी म्हणजे झालीच की.

"तुझी आई दारात आलेल्याला पसा भरून घालायची," आबा म्हणाले. "वाटीनं मोजत न्हवती." मग म्हणाले, "पोरीला सांग, दिलं ते चांगलं केलंस, न इचारता नेलंस ते वाईट केलंस. दोन्ही सांग. आन् संक्रांतीच्या सुमाराला कणसात दाणा भरला की चार दिवस राखणीला पाठव. पाखरं हाकायची, गोफण शिकवतो. फिटंल तिचं."

चिऊ कबूल झाली आहे. तेव्हापासून घरात आठवड्यातले दोन दिवस भाकरीऐवजी पोळी होते. भाकरी तिला फार आवडते, पण कुरकुर केलेली नाही. तिच्या वाट्याचा हिशोब ती भरतेय. माझा बाकी आहे. विचारलं असतं तर मी वाटीभरच दिली असती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आज द्वादशीच्या उपवास सोडण्याची तयारी करताना सांगीन म्हणते. श्लोकातला "चोर" हा शब्द मी तिच्यासाठी वापरला होता, आणि तेव्हा कोठीवर झाकण ठेवून मीच बसले होते.

आजचा संकल्प: आज काही द्याल तेव्हा एकच गोष्ट स्वतःला विचारा, याची किंमत कोण भरतंय? उत्तर दुसऱ्याचं नाव असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. नाहीतर निदान त्याचे आभार माना.

विठ्ठल विठ्ठल. उद्या पुढचे श्लोक.

राम कृष्ण हरी!