चव कोणी पाहावी?

देवाच्या नैवेद्याची चव शिजविणाऱ्याने पाहावयाची नाही, हा नियम आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजही पाळला जातो. मीठ अंदाजाने, गूळ हाताने आणि पाक डोळ्याने. जिभेला त्या ठिकाणी प्रवेश नाही. हा नियम आम्ही लहानपणापासून पाळत आलो. परंतु तो का पाळावा, याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर गेल्या गणेशचतुर्थीस ग्वाल्हेर मुक्कामी आली, आणि तीही अगदी अनपेक्षित निमित्ताने.

लष्कर भागातील एका आप्तांच्या घरी आम्ही उतरलो होतो. जिवबादादा बक्षी केरकर, लखबादादा लाड यांच्यासारखे सारस्वत सरदार शिंद्यांच्या सेवेत नावारूपास आले, त्या काळाची आठवण ग्वाल्हेरच्या अशा घरांतून अजून निघते. या घरी तर कुंडीत हळदीचे रोप मुद्दाम जोपासलेले आहे. कारण चतुर्थीला पातोळ्या झाल्याच पाहिजेत आणि हळदीच्या पानावाचून पातोळी होत नाही. घरातील आजी पानावर तांदळाचे पीठ पसरीत होत्या. समोर त्यांचा इंग्लंडात नोकरी करणारा नातू बसला होता. तो म्हणाला, "आजी, तू चव न पाहता मीठ बरोबर पडले हे कसे ओळखतेस?" आजींनी मान वर न करता उत्तर दिले, "हाताक कळटा, पुता."

त्यावर नातू हसला आणि आपली एक वही घेऊन आला. त्याच्या मते चव न पाहता केलेले काम म्हणजे अर्धवट काम. आणि खरी परीक्षा कशी असते हे त्या वहीत दिसेल.

वही पाहून आम्ही चकित झालो. ती व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, घरी तयार केलेल्या द्रवांची होती. बाटल्या अर्थातच तिकडे राहिल्या होत्या. कारण आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. हा द्रव म्हणजे मुख्यतः ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल. त्यात इच्छेप्रमाणे निकोटीन. आणि वर थोडा सुगंधी अर्क. विजेने तापलेल्या तारेवर त्याचे बाष्प होते व ते छातीत ओढले जाते. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास या उपकरणाला आजचे रूप दिले. पुढे अनेक देशांतील हौशी मंडळी अर्काच्या लहान लहान बाटल्या आणून घरीच मिश्रणे करू लागली, आणि आमचा हा नातू त्यांपैकीच एक.

त्याची पद्धत मात्र कोणाही प्रयोगशील माणसाने शिकावी अशी होती. प्रत्येक अर्क प्रथम एकटाच तपासावयाचा. त्यात दुसरा काही मिसळावयाचा नाही. प्रमाण थेंबांनी न मोजता काट्यावर तोलून लिहावयाचे. फळांचे अर्क थोड्या दिवसांत तयार होतात. परंतु कस्टर्ड, मलई, बिस्किट यांचे अर्क लोणच्यासारखे काही आठवडे मुरू द्यावे लागतात. मग शांतपणे ओढून पाहावयाचे, मनात उमटेल ते लिहावयाचे आणि दहापैकी गुण द्यावयाचे. एका पानावर होते : "आंबा. प्रारंभी गोड, शेवटी साबणासारखा. चार." दुसऱ्यावर : "व्हॅनिला कस्टर्ड. तिसऱ्या आठवड्यात परिपूर्ण. नऊ." असे शंभरावर अर्क त्याने तपासले होते आणि आपले गुण तो इतर हौशी मंडळींना कळवीतही असे.

या वहीची थट्टा करणे सोपे होते. परंतु त्याने पुढे जे सांगितले त्यामुळे थट्टा ओठांवरच राहिली. आठ वर्षे तो दिवसाला वीस सिगारेटी ओढीत असे. त्या सुटल्या त्या या मार्गाने. "काका, कस्टर्डची चव मिळू लागल्यावर मला तंबाखूचा वासच नकोसा झाला," असे तो म्हणाला. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवाही प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्याचे एक साधन म्हणून व्हेप सुचविते. मात्र ज्याने कधी धूम्रपान केले नाही त्याने, आणि मुलांनी, त्याला हात लावू नये असेही तीच सांगते. तेव्हा हा तरुण व्यसनाच्या मोठ्या खड्ड्यातून लहान खड्ड्यात उतरला होता, आणि ही प्रगती नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मग आक्षेप कशाला? त्याने स्वतःच तो प्रश्न आम्हांला टाकला, आणि तो असा टाकला की क्षणभर आम्ही निरुत्तर झालो. आजींच्या पातोळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हळदीचे पान तुम्ही खात नाही. त्याचा वास वाफेने पातोळीत उतरतो आणि पान टाकून देता. माझा अर्क तेच करतो. वासच तर आहे. मग एक नैवेद्य आणि दुसरे व्यसन, असे का?"

युक्तिवाद वरवरचा नव्हे. चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा फार मोठा भाग वस्तुतः गंधच असतो. पडसे झालेल्या माणसाला हापूसही बेचव लागतो. रसायनशास्त्राने हे गंध एकेक करून ओळखले. केळ्याचा वास देणारे द्रव्य वेगळे, अननसाचे वेगळे, व्हॅनिलाचे वेगळे, आणि लोण्याचा भास निर्माण करणारे डायअसिटिल हे आणखी वेगळे. बाजारातील मिठाईत, आइसक्रीममध्ये, शीतपेयांत असले अर्क आपण सर्वच जण खातो. त्यात सोवळेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

परंतु "खातो" या शब्दातच सारा फरक आहे. हे अर्क खाण्यास योग्य म्हणून पारखले गेले आहेत. पोटात गेलेल्या पदार्थाला जठर आहे, यकृत आहे. आलेल्या पाहुण्याची विचारपूस करणारी अनेक दारे आहेत. छातीत गेलेल्या बाष्पाला असे दार नाही. अमेरिकेतील मिसूरी राज्यात २००० साली एका मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडल्याचे उघडकीस आले. लाह्यांना लावावयाच्या लोण्याच्या कृत्रिम स्वादाची वाफ ते कामाच्या जागी श्वासातून घेत असत, आणि त्या स्वादात डायअसिटिल होते. तोच स्वाद लाह्यांवर खाणाऱ्यांसाठी मात्र निर्धोक मानला जात होता. पुढे २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सुगंधी ई-सिगारेटींचे ५१ नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी ३९ मध्ये डायअसिटिल आढळले. ते द्रव्य आढळले म्हणजे रोग झालाच, असे नव्हे; सिगारेटच्या धुरातही ते असते. तथापि जिभेने दिलेले प्रमाणपत्र फुप्फुसाला लागू पडत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते. नातवाच्या वहीत नऊ गुण मिळविणाऱ्या कस्टर्डबद्दल त्याच्या छातीचे मत काय, हे त्या वहीत कोठेच नव्हते. ते असणारही कसे? फुप्फुसाला चव कळत नाही. ते वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते आणि बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

योगायोग असा की, अशाच एका परीक्षेच्या कथेची सुरुवात ग्वाल्हेरपासून जवळच होते. आंतरी येथे अबुल फज़लची कबर आहे; १६०२ साली त्याची वाटेत हत्या झाली. त्याच्या पदरचा असद बेग पुढे अकबराच्या सेवेत आला व दूत म्हणून विजापुरास गेला. तेथे त्याला तंबाखू हा नवा पदार्थ दिसला. १६०४ च्या सुमारास परत येताना त्याने तंबाखू व रत्नजडित नळी आणून बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. तेव्हा एका हकिमाने हरकत घेतली की, हे औषध परीक्षिलेले नाही, आपल्या वैद्यांनी त्याविषयी काही लिहिलेले नाही. असद बेगचे म्हणणे, प्रत्येक रीत कधी ना कधी नवीनच होती, आणि अन्य देशांतील शहाण्यांनी ती स्वीकारली असता केवळ आपल्या ग्रंथांत नाही म्हणून ती टाकू नये. बादशहाने या उत्तराची वाखाणणी केली. स्वतः मात्र पुढे तंबाखू ओढली नाही. दरबारी सरदारांनी ती उचलली आणि पाहता पाहता व्यापारी ती विकू लागले. १६१७ साली जहांगीराने बंदी घातली. पण तोवर सवय रुजली होती.

त्या वादात जिंकले कोण? त्या दिवशी असद बेग जिंकला, आणि त्याचा युक्तिवाद आजही आम्हांला पटतो. नव्याला केवळ नवे म्हणून नाकारणे हे शहाणपण नव्हे. परंतु धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल यांनी ब्रिटनमध्ये आकडेवारीने दाखविला तो १९५० साली. म्हणजे त्या झुरक्यांनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी. हकिमापाशी पुरावा नव्हता आणि असद बेगपाशी धीर नव्हता. दोन-तीन झुरक्यांत जेवढे कळू शकते तेवढेच कळले, म्हणजे ते सुखद आहे की नाही, एवढेच.

येथे आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चव पाहण्याचा अधिकार कोणाचा? आपल्या परंपरेने तो सर्वांना नाकारलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचे अन्न आधी अग्नीला व पक्ष्यांना देऊन पारखावे असे आहे. औषधही तयार करणाऱ्याने व वैद्याने स्वतः चाखून मग राजाला द्यावे असे आहे. लोककथेतील शबरी बोरे चाखून रामाला देते. आंबट निघाले तर ते आपल्या वाट्याला यावे म्हणून. या सर्वांत एक समान सूत्र आहे. चाखणारा धोका आपल्याकडे घेतो आणि निर्भयता दुसऱ्याला देतो. नैवेद्य करणाऱ्या गृहिणीचा नियम दुसऱ्या टोकाचा दिसतो, पण त्याचा अर्थ तोच. पदार्थ माझ्या जिभेसाठी नाही, म्हणून माझी जीभ त्याची न्यायाधीश नाही.

नातवाने स्वतःवर प्रयोग केले, धोका स्वतः पत्करला. इथवर तो त्या सूत्रात बसतो. परंतु त्याने गुण लिहून ते इतरांना कळविले तेव्हा काय झाले? त्या 'नऊ'बरोबर त्याची आठ वर्षांची सिगारेट गेली नाही. तो आकडा एकटाच गेला. सिगारेट सोडू पाहणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाला तो औषधावरच्या साखरेसारखा. आणि ज्याने कधी काही ओढले नाही अशा पंधरा वर्षांच्या मुलाला तो गळाला लावलेल्या आमिषासारखा. आकडा दोघांनाही तोच. आंब्याचा, कस्टर्डचा, स्ट्रॉबेरीचा मोह कोणत्या वयाला अधिक, हे सांगावयास नको. स्वतःपुरता प्रामाणिक असलेला परीक्षक अशा रीतीने, इच्छा नसता, दुसऱ्याला निर्भयतेऐवजी मोह देऊन बसतो.

हे आम्ही ग्वाल्हेरमध्ये बोलत होतो, हेही विसरता येत नाही. हे शहर दमसासाचे आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथील गायकी शिकून ती महाराष्ट्रात नेली. १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या प्रेरणेने येथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला गायक श्रद्धेने चघळीत. त्या आंबट पाल्याला कोणी गुण दिल्याचे आम्ही ऐकले नाही. तो जिभेसाठी नव्हताच, गळ्यासाठी होता. आणि जेवणापूर्वी आपण पहिले घास पंचप्राणांना अर्पण करतो, तेव्हाही ते चघळावयाचे नसतात, दातांना न लावता गिळावयाचे असतात. प्राणाला काय द्यावे हे जिभेला विचारून ठरवू नये, हाच त्याचा बोध आम्ही घेतो. हळदीच्या पानाचा गंध तांदूळ, गूळ आणि खोबरे यांच्या सोबतीने पोटात जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाण्याने तो पारखलेला आहे. अर्काचा गंध एकटाच, अन्नावाचून, थेट श्वासात जातो. नातवाच्या प्रश्नाला आमचे हे उत्तर.

आम्ही त्याला वही फाडावयास सांगितले नाही. "तू सिगारेट सोडलीस, हे मोठे काम केलेस. आता हेही हळूहळू उतरव. आणि तोवर या वहीत आणखी एक रकाना आख. त्याच्या डोक्यावर 'श्वास' असे लिही आणि त्याखाली काहीही लिहू नकोस. कोणाला गुण कळवशील तेव्हा तो कोरा रकानाही कळव," एवढेच आम्ही म्हणालो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने पट्टी मागितली आणि पहिल्या पानापासून रेघ ओढावयास सुरुवात केली.

दुपारी आरती झाली, नैवेद्य दाखविला गेला आणि पाने वाढली. पातोळी उलगडताच हळदीचा वास घरभर पसरला. मीठ किंचित कमी पडले होते. ते आजींच्याही लक्षात आले असावे. पण कोणी काही बोलले नाही, आणि नातवाने दुसरी पातोळी मागून घेतली.