डोंगराला विचारून

माण तालुक्यातल्या डोंगरउतारावर चैत्रात टिकाव मारला की मुरमातल्या दगडावर ठिणगी उडते. 2017 च्या उन्हाळ्यात याच उतारांवर गावंच्या गावं पहाटे चढत होती. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत त्या वर्षी 30 तालुके उतरले होते, त्यांत माणही होता. 8 एप्रिल ते 22 मे, एवढ्या 45 दिवसांत पावसाचं पाणी अडवायला जेवढे चर आणि बांध होतील तेवढे करायचे होते. ही गोष्ट तिथल्याच एका गावाची. गावाचं नाव काहीही समजा.

मुंबईत माथाडीचं काम करणाऱ्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून हत्यारांसाठी पैसे पाठवले आणि खरेदी तरुण मंडळातल्या एका पोराकडे सोपवली. पोरगा मनापासून राबणारा होता. मुंबईच्या लोकांनी ओझी वाहून जमवलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून तो दहिवडीच्या बाजारात दुकानं पालथी घालत फिरला आणि शेवटी सगळ्यांत जाड पत्र्याची, लोखंडी पाईपाचा दांडा असलेली चाळीस फावडी घेऊन आला. जमीन कठीण, तर फावडं भारी हवं, हा त्याचा हिशेब.

पहिल्याच सकाळी तो हिशेब डोंगरानं नाकारला. फावडं मुरमावर पडे, खरवडे आणि हातात झिणझिण्या आणून परत येई. उन्हं वर आली तसे पाईप तापले. बायकांच्या तळव्यांना फोड आले आणि चर घोट्याएवढाही झाला नाही.

“आज रातीला पाणी ओतून ठेवू,” पोरगा म्हणाला. “सकाळपर्यंत माती मऊ हुईल.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कडक मातीला आदल्या संध्याकाळी ओल दिली आणि वाफसा धरला की ती खणायला सोपी जाते. पण त्या गावात पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं.

“पोरांच्या तोंडचं पाणी मातीला घालतोस व्हय?” आक्का म्हणाल्या.

आक्का साठीच्या पुढच्या. बहात्तरच्या दुष्काळात कोवळ्या वयात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्यांनी कुणाच्या तरी घरची पहार मागवली आणि पोराला घेऊन उतारावर गेल्या. दहा-दहा पावलांवर पहार सरळ उचलायची, सोडायची, कान द्यायचा. कुठे ती खणकन वाजून उडाली, तिथे खाली कातळ. कुठे खर्रकन बोटभर रुतली, तो मुरूम. पायथ्याजवळ दबका आवाज करून वीतभर आत गेली, तिथे मातीचा थर होता. एकाच डोंगराच्या अशा तीन जाती निघाल्या आणि बाजारातून हत्यार मात्र एकाच जातीचं आलं होतं.

“फावडं खणायचं हत्यारच न्हवं,” आक्का म्हणाल्या. “फोडायचं काम टिकावाचं, उचकटायचं पहारीचं. फुटल्यालं गोळा करायचं फावड्यानं.”

पोराला ते पटलं, पण फावडं जड असल्यानं नुकसान काय, हे कळेना. ते शाळेच्या गुरुजींनी वहीवर मांडून दाखवलं. चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. म्हणजे एक मीटर लांबीला 0.18 घनमीटर माती, मुरमाची असेल तर तीनशे किलोच्या आसपास. एका वेळी फावड्यानं चार किलो उचलली तरी पाऊणशे वेळा उचलायची. फावडं किलोभर जास्त जड असेल, तर दर मीटरला पाऊणशे किलो लोखंड फुकट उचललं जातं, आणि बहुतेक ते बायकांच्या कमरेवर. टिकावाचं तसं नाही. तोही उचलावा लागतोच, पण खाली येताना त्याचं वजन आपल्या बाजूनं काम करतं. गुरुजींची ही वही मला पहारीइतकीच मोलाची वाटते. आक्कांच्या हातांना जे ठाऊक होतं, ते तिच्यामुळे पोराला स्वतः तपासता आलं.

दुकानदारानं न वापरलेली अठ्ठावीस फावडी परत घेतली. त्यांच्या बदल्यात टिकाव आले, चार पहारी आल्या आणि पातळ पत्र्याची हलकी फावडी आली. दांडे बाभळीचे, टिकावाच्या नेढ्यात वरून घालून ठोकलेले, म्हणजे प्रत्येक घावाला लोखंड आणखी घट्ट बसतं. गावच्या लोहारानं भाता थेट डोंगराच्या पायथ्याशी मांडला. मुरमात टिकावाचं टोक रोज बोथट व्हायचं. ते लाल तापवून, ठोकून पुन्हा पाणी द्यावं लागे. पाणी जास्त झालं तर टोक दगडावर तुटतं, कमी झालं तर वळतं. लोहार टोकाचा उतरता रंग बघत बसे आणि तेव्हा कुणाशी बोलत नसे.

आक्कांनी आणखी एक रीत बसवली. आखलेल्या रेषेवर सगळीकडे थोडं थोडं उकरायचं नाही. एका टोकाला पुरता खोल खड्डा घेऊन तोंड उघडायचं आणि मग मागे सरत फोडत जायचं. शेजारी मोकळी जागा असली की मुरूम त्या बाजूला ढासळतो. टिकाववाला फोडून बाजूला होई, फावडंवाली भरी, घमेली हातोहात उताराच्या खालच्या अंगाला बांधावर जात. फोडणारा दमला की भरणाऱ्याशी अदलाबदल.

वापरलेली बारा जड फावडी दुकानात परत जाण्यासारखी नव्हती. पोरानं त्यांचे पाईप काढून बांबूचे दांडे बसवले आणि ती ट्रॉली भरणाऱ्या गड्यांना दिली. तिथे फुटलेला ढीग आयताच असे आणि रुंद, जाड पात्याचा उपयोग होई. एकदा सातवीतली एक मुलगी त्यातलंच फावडं ओढत चराकडे आली. या वेळी पोरानं आक्कांची वाट पाहिली नाही. त्यानं ते काढून घेतलं, एक हलकं फावडं तिच्या शेजारी उभं धरलं, कमरेच्या वर जाणाऱ्या दांड्यावर खूण केली आणि करवत मागवली.

“हिला घमेलं बी ल्हान दे,” आक्का चरातूनच म्हणाल्या.